पेटीच्या कोपऱ्यावरची हळद

आमच्या घरात नवं कापड आलं की त्याच्या एका कोपऱ्याला हळद लावल्याशिवाय ते कुणी अंगावर घालत नाही. साडी असो, धोतरासारखी वेष्टी असो, शाळेचा गणवेश असो, ओल्या हळदीचं बोट कोपऱ्याला टेकवायचं आणि मगच घडी मोडायची. तंजावुरात हे तमिळ घरांतही करतात आणि आमच्यासारख्या मराठी घरांतही. कुणी कुणाकडून घेतलं असं विचारलं, तर दोन्हीकडचे लोक आपलंच म्हणून सांगतात. मी या गोष्टीचा कधी विचारच केला नव्हता. गेल्या ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या महिन्यात, तो करायची वेळ आली, कारण त्या एका बोटापायी माझ्या अक्काचा कारखाना बुडायला आला होता.

मी एका मोठ्या परदेशी कपड्यांच्या कंपनीत काम करते. गंमत अशी की ही कपड्यांची कंपनी स्वतः एक बटणसुद्धा लावत नाही. कापूस एका देशातला, कापड दुसऱ्यातलं, शिलाई तिसऱ्यात आणि जाहिरात चौथ्यात. कंपनीचं स्वतःचं असं काय, तर तिचं नाव, आणि कुणाकडून काय करून घ्यायचं ते ठरवणारी माझ्यासारखी माणसं. बरीच वर्षं मी चेन्नईच्या कचेरीत होते. अप्पा गेल्यावर आई एकटी पडली, तेव्हा लॅपटॉप उचलून तंजावूरला आले. आता झोपाळ्याशेजारी टेबल टाकून बसते आणि तिथून जगभरच्या शर्टांची काळजी करते. कापडाचं शिक्षण घ्यायला पुण्याकडे होते, तेव्हा देवनागरी गिरवली, म्हणून हे लिहिता येतंय. आईला फक्त तमिळ लिपी येते, माझं लिहिलेलं वाचता येत नाही, ही या लिखाणातली माझी मोठीच सोय आहे.

तर आमच्या कंपनीला मध्यंतरी एक झटका बसला होता. सगळं काम दोन-तीन अवाढव्य कारखान्यांकडे, आणि माल यायचा जहाजातून. एका मोसमात जहाज रखडलं आणि लोकरीचे कोट दुकानात पोचले तेव्हा लोक आइस्क्रीम खात होते. त्यानंतर मुख्य कचेरीत धोरण बदललं. महिनाभर आम्हाला पडद्यावर नुसते बाण दाखवत होते, एक बाण इकडून तिकडे, दुसरा तिकडून इकडे. सगळ्या बाणांचा अर्थ एवढाच होता की काही काम लहान कारखान्यांना द्यायचं, थोडं थोडं आणि लवकर. एवढं सांगायला चार ओळी पुरल्या असत्या, पण चार ओळी लिहिणाऱ्याला त्या कचेरीत पगार कोण देणार?

लहान कारखाना म्हटल्यावर मला अक्का आठवली. ही माझी आत्येबहीण, माझ्याहून मोठी. तिरुवैयारूच्या रस्त्याला नारळाच्या बागेमागे तिची शिलाईची शेड आहे. आजूबाजूच्या गावांतल्या बायका सायकलींवरून आणि टाऊन बसने तिथे कामाला येतात. शाळांचे गणवेश शिवून तिचं छान चाललं होतं. मग शाळांनी एका मोठ्या व्यापाऱ्याला एकगठ्ठा काम दिलं आणि अक्काची यंत्रं कापड पांघरून बसली. ती विकत घ्यायला एक माणूस येऊन पाहूनही गेला होता. मुलगा सिंगापूरहून रोज फोन करायचा, सगळं विकून इकडेच ये. अक्का मला म्हणाली होती, "तिकडें जाऊन काय करूं? नातवाचा डबा भरूं आणि लिफ्टमधें वरखालीं करूं?" शेडमधल्या बायकांना मात्र सिंगापूर नव्हतं. पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, काम आलं नाही तर कुलूप लावायचं, असं तिने त्यांना सांगून टाकलं होतं.

मी कंपनीत तिचं नाव सुचवलं. नातं लपवलं नाही. त्यामुळे झालं काय, की तिचे शर्ट पास-नापास करायचा अधिकार माझ्याकडून काढून घेतला. मुख्य कचेरीतल्या खरेदीच्या बाई दक्षिणेत दौऱ्यावर येणार होत्या, त्या स्वतः तंजावुरात येऊन नमुने बघणार असं ठरलं. त्यांना पटले तर ऑर्डर, नाही तर नाही. नमुन्याचे तीन शर्ट, तीन मापांचे, आणि कंपनीने तेवढ्यापुरतंच मोजून पाठवलेलं कापड. शर्ट अगदी साधा आणि पांढरा शुभ्र. त्या वर्षीची आमची सगळी जाहिरात त्या पांढऱ्यावरच उभी होती. कुठे चित्र नाही, अक्षर नाही, ठिपका नाही. जाहिरातीचे प्रमुख एक दाढीवाले गृहस्थ होते. "काही नसणं हीच आपली ओळख," असं ते प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचे आणि त्यावर तासभर बोलायचे.

बाई येण्याच्या दोन दिवस आधी अक्काने ते तीन शर्ट इस्त्री करून माझ्याकडे पाठवले. फार सुरेख झाले होते. कॉलर ताठ, शिवण सरळ, काजं अशी की बघत राहावं. मी ते झोपाळ्यावर ठेवले आणि मीटिंगला बसले. पडद्यावर दाढीवाले होते, बाण होते. मी मान डोलवत होते. शेवटी ते थांबले आणि मला म्हणाले, "तुमच्यामागे त्या बाई काय करत होत्या? मघापासून बघतोय. फार सुंदर होतं."

मी मागे वळले. आई झोपाळ्यावर बसली होती. मांडीवर शर्ट, हातात हळदीची वाटी. तिसऱ्या शर्टाच्या खालच्या कोपऱ्याला बोट टेकवून ती समाधानाने हात पुसत होती.

मी मीटिंग कशी बंद केली ते आठवत नाही. मी ओरडलेच, "आई! हें काय करलीस?"

"नवें कापड घरांत आलें," आई म्हणाली. "अक्काचें पहिलें काम. हळद न लावतां कसें पाठवायचें?"

"अगं, ते विकायचे आहेत!"

"मग तर लावायलाच पाहिजे."

मला राग इतका आला होता की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक झाकण आपटलं. तेवढ्या वेळात आईला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी बिनसल्याचं कळलं असावं. ती उठली, मोरीवर गेली आणि माझ्या मदतीसाठी म्हणून तिन्ही कोपऱ्यांना साबण घासला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. मी बाहेर आले तेव्हा पांढऱ्या शुभ्र शर्टांवर तीन लाल डाग होते आणि आई त्यांच्याकडे डोळे विस्फारून बघत होती.

"अय्यो," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही तिच्याशेजारी ओल्यात बसले.

अक्का स्कूटरवरून आली. तिला फोनवर सांगायचा मला धीर झाला नव्हता, नुसतं ये म्हटलं होतं. तिने शर्ट बघितले, आईकडे बघितलं, आणि खाली बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, "मामी, तुम्हीं रडूं नका. तुम्हीं नसतां लावलीत तर मीं लावली असतीं." मग पदराने स्वतःचेच डोळे पुसत बसली. दुसरे शिवायला कापड नव्हतं. मागवलं असतं तरी बाई यायच्या आधी ते आलं नसतं.

डाग खूप पाण्याने धुतले की लालचे पुन्हा पिवळे होतात. आणि हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही. ओलं कापड कडक उन्हात ठेवलं की तो उडून जातो. हे मी शिकले होते, आणि धुणं वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीतच असतं. पण ऐप्पसीत आमच्याकडे पाऊस. तिकडे महाराष्ट्रात दिवाळीला आकाश निळं होतं, आमच्याकडे तेव्हा छत्र्या निघतात. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. आम्ही तिघी मोट्टमाडीवर, म्हणजे आमच्या गच्चीवर, ओले शर्ट घेऊन उभ्या राहिलो आणि वर बघत बसलो. पलीकडच्या गच्चीवरची शेजारीण विचारून गेली, काही दिसतंय का?

त्या दिवशी ऊन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. आई देव पाण्यात घालून बसली. अक्काने यंत्रं बघून गेलेल्या माणसाचा नंबर शोधायला सुरुवात केली, तेव्हा मी तिच्या हातातला फोन काढून घेतला. दुपारी जेवत असताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकदम उजेड आला. आम्ही हात न धुता धावलो.

ऊन असं कडक पडलं की गच्चीवर पाय ठरेना. चटईवर तिन्ही शर्टांचे कोपरे पसरले. आई पाण्याचा तांब्या घेऊन दर थोड्या वेळाने ते ओले करायची. अक्का काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून होती. मी मुख्य कचेरीची एक मीटिंग गच्चीवरूनच केली, डोक्यावर टॉवेल घेऊन आणि कॅमेरा बंद ठेवून. पिवळा रंग हळूहळू फिका पडत गेला. आधी लिंबाच्या सालीइतका, मग ताकाइतका. पुन्हा ढग येईपर्यंत दोन शर्ट अगदी कोरे झाले होते. तिसऱ्यावर, सगळ्यात लहान मापाच्या शर्टावर, एक पुसटशी पिवळी सावली राहिली.

"त्याला जरा जास्त लावलें होतें," आई ओशाळून म्हणाली. "लहान माप, मला वाटलें कुणी पोर घालणार."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. उंच, थकलेल्या, फार कमी बोलणाऱ्या. अक्काच्या शेडमध्ये त्यांनी आधी पंखे बघितले, दारं बघितली, बायकांशी माझ्यामार्फत बोलल्या. मग शर्ट खिडकीपाशी नेले. टेपने मापं घेतली, बटणं ओढून बघितली, शर्ट उलटा केला. पहिला, दुसरा. तिसऱ्याच्या कोपऱ्याशी थांबल्या. अक्का माझ्यामागे उभी होती. तिने माझा दंड धरला तो इतका घट्ट की वळ उठला.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. एक तर मला खोटं नीट जमत नाही, आणि दाढीवाल्यांनी आईला पडद्यावर बघितलंच होतं. हळद, साबण, ऊन, कावळे, सगळं सांगितलं. बाईंनी त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "आमच्या घरी नव्या कोटाच्या खिशात नाणं ठेवत. माझी आजी ठेवायची." आणि टेप गुंडाळत, "अर्थात तेही आम्ही माल पाठवायच्या आधी काढून टाकतो."

त्यांनी कोऱ्या दोनांपैकी एक शर्ट पिशवीत घातला, त्याला चिठ्ठी लावली, त्यावर सही केली. आमच्या धंद्यात याला नमुना सील करणं म्हणतात. पुढचा प्रत्येक शर्ट त्या शर्टासारखा निघाला पाहिजे. म्हणजेच ऑर्डर मिळाली. माझा जीव भांड्यात पडला. अक्का खाली वाकून यंत्राखालचं पायपुसणं सरळ करायला लागली, ते आधीच सरळ होतं.

इथे हे संपायला हवं होतं, पण दाढीवाले अजून बाकी होते. त्यांच्या डोक्यात आई बसली होती. काही नसणं हीच आपली ओळख, हे ते एका रात्रीत विसरले होते. आता प्रत्येक शर्टाच्या कोपऱ्याला हळदीचा ठिपका हवा होता, आणि जाहिरातीत झोपाळा, वाटी आणि आईचं बोट. त्यांनी मला लांबलचक मेल लिहिली. तिच्यात 'स्पर्श' हा शब्द इतक्या वेळा होता की वाचून मला गुदगुल्या झाल्या.

आई हरखली. "सगळे शर्ट आणा, मीं बसून लावतें," म्हणाली आणि रेशमी साडी इस्त्रीला टाकली. अक्काही म्हणाली, त्यांना पाहिजे तर लावूं की, काम वाढलें तर बरेंच. झोप उडाली ती माझी. हळद धुण्यात सुटणार, साबणाने लाल होणार, शर्टाबरोबर गिऱ्हाइकाचे बाकीचे कपडे रंगणार. मग तक्रारी येणार, माल परत येणार, आणि दोष जाहिरातीला कोण देतंय, तो शिवणाऱ्याच्या माथी. एकदा माल परत आला की अक्काला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. मी हे सगळं दाढीवाल्यांना लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, मग पक्क्या रंगात छापून घेऊ.

"छापील हळद?" आईने विचारलं. तिला खरोखरच कळलं नाही. "ती कोणाला लागते?"

आठवडाभर मी रोज सकाळी सगळ्यात आधी मेल उघडत होते. शेवटी आमच्या गुणवत्ता खात्याचं पत्र आलं. त्या खात्याला आम्ही सगळे पाठीमागे शिव्या देतो. टाक्याटाक्यावरून अडवणारं ते खातं. त्यांनी कोरडेपणाने कळवलं होतं की सील केलेल्या नमुन्यावर कुठलीही खूण नाही, तेव्हा कुठल्याही शर्टावर कुठलीही खूण चालणार नाही, मग ती पक्की असो की कच्ची. विषय बंद. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खात्यावर माझं प्रेम बसलं. आईला म्हटलं, सिनेमा रद्द. ती जरा हिरमुसली, मग म्हणाली, "सरी, बरें. साडी तरी इस्त्री झाली." आणि तीच नेसून देवळात जाऊन आली.

जाहिरात पुढे झाली ती कुठल्या तरी दुसऱ्याच देशात. एका गच्चीवर दोरीला पांढरा शर्ट वाळतोय, मागे निळं आकाश, बाकी काही नाही. मला ती आवडली. त्या दोरीवर एकही कावळा नव्हता, त्यावरून गच्ची आमची नव्हे हे लगेच कळत होतं.

पहिला माल तयार झाला तेव्हा अक्काने आईला गाडी पाठवून शेडवर नेलं. पेट्या रचून ठेवल्या होत्या, शर्ट आत बंद. बायका भोवती उभ्या होत्या. आईने कमरेची हळदीची पुडी काढून तळहातावर पाण्यात कालवली. मी "आई!" म्हणून ओरडणार तोच अक्काने मला हाताने थांबवलं. आईने अगदी वरच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर, कोपऱ्याला, ओल्या हळदीचं एक बोट टेकवलं. फक्त पुठ्ठ्यावर. नमुन्याच्या चिठ्ठीत पुठ्ठ्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, हे मी मनातल्या मनात तपासून घेतलं. मग टेंपो आला आणि पेट्या गेल्या.

त्यानंतर काहीच कळेना. त्या पहिल्या ऑर्डरनंतर पुढे काय, हे मला विचारायची सोय नव्हती, नातं आडवं येत होतं. अक्का विचारायची नाही, पण रोज संध्याकाळी कॉफीला यायची आणि माझ्या लॅपटॉपकडे बघत बसायची. सिंगापूरहून तिकिटाबद्दल फोन येत होते. पोंगल जवळ आला होता.

अशाच एका संध्याकाळी परदेशातल्या गोदामाची मेल आली. सोबत फोटो होता, पेटीचा कोपरा आणि त्यावर वाळलेली हळद. मी कपाळावर हात मारला. "काय झालें?" अक्काने विचारलं. मी तिला वाचून दाखवलं, मराठी करून. एका पेटीवर पिवळी खूण आढळली आहे. आतला माल व्यवस्थित आहे. ही खूण बाकीच्या पेट्यांवर नसल्याने मोजणीत गोंधळ होतो. नोंदवलेल्या पुढच्या ऑर्डरपासून ती सगळ्या पेट्यांवर असावी, किंवा एकाही पेटीवर नसावी.

मी चिडून म्हणाले, "बघ, आता पेटीवरही तक्रार."

अक्काने कॉफीचा टम्ब्लर खाली ठेवला. "परत वाच," ती म्हणाली.

"एका पेटीवर पिवळी खूण..."

"तें नक्को. शेवटचें."

मी शेवटचं वाक्य वाचायला लागले आणि तिसऱ्याच शब्दाशी थांबले. इतकी वर्षं या कंपनीच्या मेल वाचते, आणि पुढची ऑर्डर आहे हे मला दिसलं नव्हतं, पेटीची तक्रार तेवढी दिसली होती. अक्का हसत होती आणि रडत होती. आईला मी मोठ्याने सांगितलं तेव्हा ती सोलत असलेला लसूण बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारती झाली, "सगळ्या पेट्यांवर म्हणाले ना?"

"किंवा एकाही नाही, असंही म्हणालेत."

"तें असूं दे," आई म्हणाली आणि हळदीचा डबा बघायला आत गेली.

अक्काने माझ्याच फोनवरून सिंगापूरला फोन लावला. मुलाने हॅलो म्हणायच्या आत ती म्हणाली, "तिकीट काढूं नको कण्णा. मला इथें काम आहे."